कुलूप कर्मचाऱ्याचे, किल्ली साहेबाची!



गेल्या काही वर्षांत आपल्या कचेऱ्यांतून एक नवा कागद फिरू लागला आहे. लॅपटॉप हाती देताना व्यवस्थापन कर्मचाऱ्याकडून त्यावर सही घेते. त्याला कुठे हमीपत्र म्हणतात, कुठे स्वीकृतीपत्र. मजकूर थोड्याफार फरकाने एकच. यंत्र माझ्या ताब्यात मिळाले. त्याच्या हार्ड डिस्कला मी पासवर्ड लावीन. तो मी कोणालाही सांगणार नाही व विसरणार नाही. यंत्र हरवले, डिस्क उघडेनाशी झाली अगर तिच्यातील माहिती बाहेर गेली तर सर्वस्वी जबाबदारी माझी राहील आणि होणारे नुकसान माझ्या वेतनातून वसूल करण्यास माझी संमती आहे. खाली सही, तारीख, कर्मचारी क्रमांक. आपले बहुतेक सभासद हा कागद न वाचताच सही करून मोकळे होतात. यंत्राची पिशवी टेबलावर ठेवलेली असते, साहेब घाईत असतात, मागे आणखी वीस जण रांगेत उभे असतात.

या कागदात एक गोष्ट मात्र कधीच लिहिलेली नसते. त्या डिस्कची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, ही ती गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मध्य भारतातील एका विभागीय कार्यालयात मी एका सभासदाचा बचाव प्रतिनिधी म्हणून खात्यांतर्गत चौकशीत उभा होतो. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण अपील प्रलंबित आहे. आणि खरे सांगायचे तर नाव कोणतेही घातले तरी चालेल अशीच ती हकीगत आहे. हा सभासद ग्रामीण शाखांची कर्जप्रकरणे पाहणारा. आठवड्यातले चार दिवस एसटीने आणि जीपने फिरणे, काम सगळे लॅपटॉपवर. परिपत्रकाप्रमाणे त्याने डिस्कला पासवर्ड लावलेला. मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी कार्यालयातून इस्पितळात फोन आला. तिमाही संपत आली आहे, प्रकरणे अडकली आहेत, पासवर्ड सांगा. बायकोने फोन कानाशी धरला आणि याने पडल्या पडल्या तीन शब्द सांगितले: एक डिस्कचा, एक विंडोजचा, एक कर्ज-प्रणालीचा. दोन महिन्यांनी माणूस कामावर रुजू झाला. त्यानंतर महिन्याभरात आरोपपत्र! पहिला आरोप, पाच प्रकरणांतील तारखा तुमच्या नावाने बदलल्या गेल्या. दुसरा आरोप, तुम्ही पासवर्ड दुसऱ्यास सांगितला. ज्या साहेबांनी इस्पितळात फोन केला, आरोपपत्राखाली सही त्याच साहेबांची.

तारखा बदलल्या तेव्हा आरोपी बिछान्याला खिळून होता, हे इस्पितळाच्या कागदांवरून सिद्ध करणे कठीण नव्हते. खरी गंमत संगणक विभागाच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत झाली. मी त्यांना सरळ विचारले, साहेब, समजा हा कर्मचारी शस्त्रक्रियेत दगावला असता, तर ही डिस्क तुम्ही भंगारात टाकली असती काय? ते म्हणाले, छे, छे, आमच्याकडे मास्टर पासवर्ड असतो. प्रत्येक यंत्राचा वेगळा? नाही, एका खरेदीतील सर्व यंत्रांना एकच. तो कोणाकोणाला ठाऊक असतो? विभागातले तिघे अधिकारी, शिवाय देखभालीच्या ठेकेदाराचा इंजिनिअर. तो केव्हा, कोणी, कशासाठी वापरला याची नोंद? नोंद ठेवण्याची पद्धत नाही. चौकशी अधिकारी म्हणाले, हा भाग गैरलागू आहे, नोंदीतून काढा. आम्ही काढू दिला नाही.

म्हणजे काय झाले? डिस्क उघडण्यासाठी त्या आजारी माणसाला फोन करण्याची मुळात गरजच नव्हती. संगणक विभागाला चिठ्ठी पाठवली असती तर काम झाले असते. पण चिठ्ठी पाठवायची म्हणजे ती वापरल्याचा कागद तयार होतो, आणि अशा कागदाखाली सही साहेबांची लागते. त्यापेक्षा फोन सोपा. निकाल असा लागला की पहिला आरोप सिद्ध झाला नाही, दुसरा झाला. एक वेतनवाढ संचयी परिणामासह रोखण्यात आली. सांगणाऱ्याला शिक्षा झाली. सांगायला लावणाऱ्याचे नाव निकालपत्रात कुठेही नाही.

आता थोडे यंत्राविषयी. हा विषय संगणकवाल्यांचा म्हणून आपण सोडून देतो आणि मग चौकशीत व्यवस्थापनाचा साक्षीदार जे सांगेल ते ऐकून घेण्याची पाळी येते. लॅपटॉपवर साधारणपणे तीन प्रकारची कुलपे असतात आणि तिन्हींना आपण पासवर्ड हा एकच शब्द वापरतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पहिले कुलूप विंडोजचे. ते घराच्या दर्शनी दारासारखे आहे. नुसते तेवढेच असेल तर चोराने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतली सगळी कागदपत्रे वाचता येतात. दुसरे कुलूप डिस्कचे स्वतःचे. नव्वदीच्या दशकात डिस्क बनविण्याच्या एटीए या मानकात त्याची सोय झाली. यंत्र चालू करताच, विंडोज येण्याच्या आधीच, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला जातो. हे कुलूप डिस्कच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवरच्या प्रोग्रॅममध्ये असते, त्यामुळे डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी ती बंदच राहते. पाच वेळा चुकीचा शब्द टाकला की वीज बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ती दाद देत नाही. पण एवढ्याने समाधान मानू नका. साध्या डिस्कमध्ये हे कुलूप फक्त दाराला असते, आतली माहिती जशीच्या तशी, उघड्या अक्षरांत पडलेली असते. जुन्या डिस्कवरील असे कुलूप काढून देणारी अवजारे डेटा रिकव्हरीच्या दुकानांतून असतात.

तिसरे कुलूप सांकेतिकीकरणाचे. यात माहितीच गुप्त लिपीत लिहिली जाते. किल्लीवाचून ती वाचणे व्यवहारात अशक्य. विंडोजमधील बिटलॉकर हे याचे सर्वांत प्रचलित उदाहरण, २००७ साली व्हिस्टाबरोबर ते बाजारात आले. त्याला ४८ आकड्यांची एक पुनर्प्राप्ती किल्ली असते आणि मोठ्या संस्थांत ती मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर जमा करून घेण्याची सोय असते.

आपला मुद्दा दुसऱ्या आणि तिसऱ्या कुलपाचा आहे. डिस्कच्या कुलपाला मुळातच दोन पासवर्ड असतात, एक वापरणाऱ्याचा आणि एक मास्टर. मास्टर कारखान्यातूनच घातलेला येतो आणि यंत्र घेणाऱ्या संस्थेने तो बदलावा अशी अपेक्षा असते. पुढे त्यात दोन पातळ्या आहेत. 'हाय' ही पातळी निवडली असेल तर मास्टर पासवर्डने डिस्क सरळ उघडते, आतली माहिती वाचता येते, कुलूप काढूनही टाकता येते. 'मॅक्सिमम' निवडली असेल तर मास्टर पासवर्डने फक्त सगळी माहिती पुसून डिस्क रिकामी करता येते, आतले वाचता येत नाही. या दोन पातळ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत तुमच्याखेरीज आणखी कोणीतरी तुमच्या डिस्कमध्ये जाऊ शकतो, दुसरीत जाऊ शकत नाही. आता आपापल्या हमीपत्राकडे पुन्हा पाहा. तुमच्या यंत्रावर कोणती पातळी निवडली आहे, हे त्यात लिहिले आहे काय? मी आजवर पाहिलेल्या एकाही हमीपत्रात ते नव्हते.

व्यवस्थापनाचा यावरचा ठरीव युक्तिवाद असा: पासवर्ड ही दात घासण्याच्या ब्रशसारखी ज्याची त्याची खाजगी वस्तू आहे, सबब त्या पासवर्डाने जे झाले ते त्याचेच कृत्य. ऐकायला झकास आहे. पण ज्या ब्रशची दुसरी प्रत साहेबांच्या खणात, तिसरी ठेकेदाराच्या पिशवीत असते, त्याला खाजगी कसे म्हणायचे? दुसरे असे, की डिस्कचे कुलूप यंत्र बंद असेपर्यंतच कुलूप. सकाळी पासवर्ड टाकून यंत्र चालू केले की दिवसभर ते दार सताड उघडे असते आणि नेटवर्कच्या वाटेने आत येणाऱ्याला ते अडवीत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत तपासून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा अहवाल दिला, की दुरून यंत्राचा ताबा घेऊन त्यात कागदपत्रे घुसडण्यात आली होती. अहवाल बचाव पक्षाने मागविलेला आहे, तपास यंत्रणेला तो मान्य नाही, त्याचा निवाडा न्यायालयात होईल. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच, की 'यंत्र तुझे, म्हणून आतले सर्व तुझे' हे समीकरण आज वादाच्या पलीकडचे राहिलेले नाही.

खुद्द कुलूपही कारखानदार सांगतो तितके पक्के असतेच असे नाही. नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये दाखवून दिले, की क्रूशल आणि सॅमसंग यांच्या काही एसएसडी डिस्क आपले सांकेतिकीकरण आपणच करतात म्हणून विकल्या जात होत्या, पण त्यांपैकी काहींत वापरणाऱ्याचा पासवर्ड आणि आतली किल्ली यांचा एकमेकींशी संबंधच जोडलेला नव्हता. डिस्कमधला प्रोग्रॅम बदलला की पासवर्ड कोणताही टाका, दार उघडते! बिटलॉकर अशा डिस्कच्या भरवशावर स्वतःचे काम सोडून देत असे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टला ती पद्धत बदलावी लागली. आता मला सांगा, अशा डिस्कवरून माहिती बाहेर गेली तर आपला कारकून जबाबदार की ती डिस्क खरेदी करणारी समिती?

माणसाच्या माथी मारायचे आणि व्यवस्था निर्दोष ठेवायची, ही तऱ्हा फक्त आपल्याकडचीच आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेत मे २००६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्यातील एका विश्लेषकाच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि त्याला जोडायची डिस्क गेली. तिच्यावर सुमारे २ कोटी ६५ लाख माजी सैनिकांची व इतरांची नावे, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक, आणि सांकेतिकीकरण मुळीच नाही. खात्याने जाहीर केले, की कर्मचाऱ्याने नियम मोडून माहिती घरी नेली; त्याला काढून टाकण्याची कारवाई सुरू झाली. पुढच्याच महिन्यात कागद बाहेर आले. लॅपटॉप कार्यालयाबाहेर नेण्याची, ती माहिती हाताळण्याची आणि त्यासाठीचा प्रोग्रॅम घरी वापरण्याची परवानगी त्याला खात्यानेच दिलेली होती! चोरीचे यंत्र पुढे सापडले. तरीही माजी सैनिकांनी भरलेल्या दाव्यात २००९ मध्ये खात्याला २ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

ब्रिटनमध्ये २००७ साली महसूल खात्याच्या दोन सीडी टपालात गहाळ झाल्या. सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती त्यांवर होती. पासवर्ड होता, सांकेतिकीकरण नव्हते. अर्थमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये प्रथम एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे बोट दाखवले. २००८ च्या जून महिन्यात चौकशीचे अहवाल आले तेव्हा दोष खात्याच्या एकूण पद्धतीचाच ठरला. तिकडे निदान वरच्या अधिकाऱ्याने राजीनामा तरी दिला होता.

किल्ली खरोखर कोणाच्या हाती असते हे पाहायचे असेल तर १९ जुलै २०२४ हा दिवस आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रॅममध्ये एक सदोष बदल पाठवला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. यंत्र दुरुस्त करण्याचा उपाय तसा साधा होता, ते सुरक्षित अवस्थेत चालू करून एक फाईल काढायची. पण डिस्कला बिटलॉकर लावलेला असेल तर त्यासाठी ४८ आकडी किल्ली लागत होती, आणि ती ज्याच्यासमोर यंत्र होते त्याच्याकडे नव्हती. वरच्या कार्यालयातून एकेका यंत्राची किल्ली फोनवर घ्यायची आणि आकडे मोजून मोजून टाकायचे, असे काम चालले. हमीपत्राच्या भाषेत ही सर्व यंत्रे कर्मचाऱ्यांच्या 'संपूर्ण ताब्यात' होती!

येथे आपल्यातल्याच काही उत्साही साथींशी थोडे भांडायचे आहे. मागच्या एका शिबिरात एक सूचना आली, की हा सगळा पासवर्डाचा जाचच झुगारून द्यावा, सभासदांनी डिस्कला कुलूप लावण्यास नकार द्यावा. टाळ्याही पडल्या. मी त्या सूचनेच्या विरोधात आहे. त्या डिस्कवर काय असते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्याचा आधार क्रमांक आणि सात-बारा, विमेदाराच्या आजारपणाचे कागद, विधवेच्या निवृत्तिवेतनाचा खातेक्रमांक, आपल्याच सहकाऱ्यांच्या पगारपत्रकाच्या याद्या. इटारसीच्या फलाटावर पिशवी गेली आणि डिस्क उघडी निघाली तर साहेबाचे काहीही बिघडत नाही. फसवणुकीचे फोन त्या शेतकऱ्याला आणि त्या विधवेला येतात. कुलूप हवेच, आणि ते नुसते दाराचे नको, सांकेतिकीकरणाचे हवे. आपले भांडण कुलपाशी नाही. किल्लीचा हिशेब कोण देणार, याचे आहे.

हा हिशेब आपल्या धंद्याला नवा आहे काय? बँकेतल्या कोणत्याही रोखपालाला विचारा. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने उघडता येऊ नये म्हणून संयुक्त ताबा. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली की रजिस्टरवर दोघांच्या सह्या, तारीख, वेळ. दुसरा संच सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत, आणि तो काढला तर त्याचीही नोंद. रोखपाल आजारी पडला तर त्याच्या इस्पितळात फोन करून कोणी म्हणत नाही, की किल्ली उशीखाली असेल तर शिपायाबरोबर पाठवून द्या. शे-दीडशे वर्षांच्या अनुभवातून, कितीतरी अफरातफरींनंतर ही शिस्त बसलेली आहे, आणि तिने प्रामाणिक रोखपालाला जेवढे वाचवले आहे तेवढे कोणत्याही वकिलाने वाचवलेले नसेल. मग रोकड संध्याकाळी मोजून बंद करणाऱ्या संस्थेत लाखो लोकांची माहिती असलेल्या डिस्कच्या किल्लीला रजिस्टर का नाही? खर्च येतो म्हणावे, तर एका वहीला कितीसा खर्च येणार!

दोष थोडा आपलाही आहे. साठच्या दशकात कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले, तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. १९८७ आणि १९९३ साली बँकांमध्ये संगणकीकरणाचे करार झाले. यंत्रे किती, कोणत्या शाखेत, कोणाला किती भत्ता, कोणाची नोकरी जाणार नाही, यावर आपल्या नेत्यांनी रात्री जागवल्या. ते योग्यच होते. पण तेव्हा यंत्र कचेरीत टेबलावर असे आणि कचेरीला कुलूप असे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, यंत्र घरी आले, आणि यंत्राबरोबर सगळी जोखीमही घरी आली. त्याबद्दल मात्र कोणी करार केला नाही. परिपत्रक निघाले, आपण सही केली.

आता कायद्याचे पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांविषयीचे आपले मत जाहीर आहे. पण जे हाती उरले आहे ते वापरायचे नाही असा अर्थ त्यातून काढू नये. वेतन देण्याच्या १९३६ च्या कायद्यात जी तरतूद होती ती वेतन संहितेतही कायम आहे. हरवलेल्या वा खराब झालेल्या मालाबद्दल कपात करायची तर तो माल कर्मचाऱ्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असला पाहिजे, आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. कपात नुकसानीच्या रकमेहून जास्त करता येत नाही आणि कारणे दाखवण्याची संधी दिल्याशिवाय तर मुळीच करता येत नाही. 'स्पष्टपणे सोपवलेला' आणि 'थेट' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. ज्या डिस्कची दुसरी किल्ली तिघा अधिकाऱ्यांकडे आणि एका ठेकेदाराकडे आहे, तिच्यातील माहिती तुमच्या एकट्याच्या ताब्यात होती असे व्यवस्थापनाला कोणत्या तोंडाने म्हणता येईल? हमीपत्रावर संमतीची सही आहे म्हणून कायद्यातल्या या अटी रद्द होत नाहीत.

दुसरे, शिस्तीचे नवे नियम लावणे हा सेवाशर्तींतील बदल आहे. औद्योगिक विवाद कायद्याखाली अशा बदलाची आगाऊ नोटीस द्यावी लागत असे, औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसांच्या नोटिशीची अट आहे. हमीपत्र हा शिस्तीचा नवा नियम नव्हे तर काय? स्थायी आदेशांची सक्ती मात्र पूर्वी १०० कामगारांपासून होती ती आता ३०० वर नेली आहे, म्हणून लहान आस्थापनांतील साथींना हे सर्व करारातच लिहून घ्यावे लागेल.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि हमीपत्रांचे पीक आताच का आले आहे हेही माझ्या मते त्यावरून उलगडते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. माहिती सुरक्षित ठेवण्याचे पुरेसे उपाय केले नाहीत तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. हा दंड माहिती बाळगणाऱ्या संस्थेला आहे, कर्मचाऱ्याला नाही. इतकेच नव्हे, विरुद्ध आशयाचा कोणताही करार असला तरी पालनाची जबाबदारी संस्थेचीच, असे आठव्या कलमाच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. याच कायद्याने नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मोकळीक मालकाला दिली आहे हे खरे, आणि त्याविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण कुलूप-किल्लीच्या बाबतीत कायद्याचे बोट वरच्या मजल्याकडे आहे. वरच्या मजल्याला ते कळले आहे. म्हणूनच उद्या दंडाची नोटीस आली तर खाली दाखवायला एक सही केलेला कागद त्यांना आज हवा आहे.

म्हणून पुढच्या वाटाघाटींत आपण काय मागायचे? प्रत्येक यंत्र देताना लेखी द्या, की त्याला कोणते कुलूप आहे, मास्टर पासवर्ड किंवा पुनर्प्राप्ती किल्ली आहे की नाही, असल्यास कोणत्या पदावरील कोणत्या दोघांच्या संयुक्त ताब्यात आहे. कारखान्याचा पासवर्ड बदलला आहे आणि सर्व यंत्रांना एकच ठेवलेला नाही, हेही लिहा. किल्ली वापरली की रजिस्टरवर नोंद करा, आणि ज्याचे यंत्र त्याला त्या नोंदीची प्रत द्या. रजेवरील वा आजारी कर्मचाऱ्याकडे पासवर्ड मागायचा नाही. काम अडले तर संस्थेने आपली किल्ली आपल्या सहीने वापरावी. फोनवर मागणाऱ्या अधिकाऱ्यावर तोच आरोप ठेवावा जो सांगणाऱ्यावर ठेवला जातो. आणि ज्या यंत्राची अशी नोंद नाही, त्यातील कोणत्याही गोष्टीबद्दल आरोपपत्र देऊ नये.

करार होईपर्यंत सभासदांनी आपल्यापुरते एक करावे. हमीपत्र पुढे आले की सही नाकारत बसू नका, त्यात एकटे पडण्याचा धोका आहे. सहीच्या वर आपल्या हाताने एक ओळ लिहा: 'या यंत्राची दुसरी किल्ली अन्य कोणाकडे आहे याची माहिती मला देण्यात आलेली नाही.' मग सही करा, आणि मोबाईलवर त्या पानाचे छायाचित्र काढून युनिट सचिवांकडे पाठवा. इस्पितळातून, लग्नघरातून, कुठूनही पासवर्ड मागितला गेला तर म्हणा, लेखी पाठवा. संघटनेचे काम, सभासद याद्या, संपाच्या तयारीची पत्रे मालकाच्या यंत्रावर ठेवूच नका. वरची हकीगत वाचल्यावर कारण वेगळे सांगायला नको.

आणि संघटनेच्या स्वतःच्या यंत्राचे काय? आमच्या कार्यालयातल्या लॅपटॉपवर चार हजार सभासदांची नावे, पत्ते, वर्गणीचा हिशेब. चौकशीहून परत आल्यावर मी पाहिले, तर डिस्कला कुलूपच नव्हते आणि विंडोजचा पासवर्ड पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. आमच्या कार्यालय चिटणीसांचे म्हणणे, आपल्यात कोण चोर आहे! त्या दिवशी कार्यकारिणीत बरीच बाचाबाची झाली. आता डिस्क सांकेतिक केली आहे. ४८ आकडी किल्लीचे दोन भाग करून दोन सीलबंद पाकिटांत, एक अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे ठेवले आहे. शेजारी दोनशे पानी वही आहे, तिच्यात आजवर एकच नोंद झाली आहे. मदरबोर्ड बदलला तेव्हाची, खाली दोघांच्या सह्या.